मधली वर्षं

नरक चतुर्दशीची पहाट. डोंबिवली पूर्वेला सहा वाजता फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. उटण्याचा वास अजून अंगाला असतो, मुलांचे कुर्ते इस्त्रीने ताठ, मुलींनी आईची पैठणी पिना लावून कशीबशी सावरलेली. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं. यायचं, बाजीप्रभू चौकापासून गणपती मंदिरापर्यंत रेंगाळायचं, परत फिरायचं, पुन्हा रेंगाळायचं. फराळ घरी थांबलेला असतो. कोण कोणासोबत आलं आणि मागच्या वर्षी कोणासोबत होतं, हा खरा कार्यक्रम. ठाण्यात हेच राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला चालतं. पण डोंबिवलीकराला विचाराल तर मूळ आमचं, बाकीच्यांनी नक्कल केली. त्या वादात मी पडत नाही.

बरीच वर्षं मी इथे एका कडेला उभा राहून बघतो आहे. गर्दी एक दिसली तरी तिचे थर वेगळे असतात. दहावी झालेली, घरच्यांशिवाय पहिल्यांदा आलेली मुलं ओळखू येतात, कारण ती कारण नसताना हसतात. कॉलेजातली थोडी गंभीर असतात. मग एकदम मोठी उडी. पस्तिशीच्या पुढची, कडेवर मूल घेतलेली, जुना ग्रुप शोधणारी माणसं. अठ्ठावीस-तिशीचे या पहाटे तुलनेने विरळ. सुट्टी मिळालेली नसते, किंवा त्या वेळी कुणी दुकानाचं शटर उघडत असतं, कुणी दुसऱ्यांच्या दारात मिठाईचे बॉक्स पोचवत असतं.

मराठी सिनेमानेही या वयाला नेमकी अशीच दांडी मारली आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

३ जानेवारी २०१४ ला डोंबिवलीकर रवी जाधवांचा ‘टाइमपास’ लागला. दगडू शांताराम परब हा दहावीच्या उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा आपटलेला, रिक्षावाल्या बापाने घराबाहेर काढलेला, घरोघर पेपर टाकणारा पोरगा. प्राजक्ता लेले पांढरपेशा घरातली, गाणं शिकणारी. वैभव मांगलेंनी केलेले तिचे वडील माधवराव दगडूच्या भाषेत ‘शाकाल’. अपमानाचा सूड म्हणून मुलीला प्रेमात पाडायचं ठरतं आणि पाडणाराच पडतो. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर या जोडीने मराठी थिएटरं भरली. शेवटी मात्र दोघं दुरावतात, आणि रडून मोकळे झालेले प्रेक्षक पुढच्या भागाची वाट बघू लागतात.

पुढचा भाग १ मे २०१५ ला आला. दगडू मोठा झालेला, प्राजक्ताही मोठी झालेली. पण चेहरे बदलले. दगडू झाला प्रियदर्शन जाधव, पहिल्या भागाच्या लेखनातही ज्याचा हात होता. प्राजक्ता झाली प्रिया बापट. वाढत्या वयाचं काम सिनेमाने नटबदलावर भागवलं. एक पोरगा पडद्याआड गेला आणि दुसरा पुरुष बाहेर आला. तो तिथून इथवर कसा आला, ते आपण समजून घ्यायचं.

तिसरा भाग २९ जुलै २०२२ चा. तो पुढे जात नाही, मागे जातो. दगडू दहावी पास होऊन कॉलेजात गेला आहे आणि तिथे हृता दुर्गुळेची पालवी, गुंड बापाची बेधडक मुलगी, त्याला भेटते. दगडू म्हणून पुन्हा प्रथमेश परब. आठ वर्षांत हा नट खरोखरच मोठा झाला होता. विशीच्या शेवटाचा चेहरा, थोडा भरलेला आवाज, नजरेतली उतरलेली हुशारी. मोठा दगडू करायला मराठीत त्या घडीला त्याच्याइतका योग्य माणूस नव्हता, आणि त्याला सांगितलं गेलं, पुन्हा लहान हो. दुसऱ्या भागात त्याचं वय कमी पडलं, तिसऱ्यात जास्त झालं. तिन्ही वेळा तिकीटबारीच्या बाजूने हिशेब केला तर बरोबरच होता, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

फ्रान्समध्ये त्रूफोने एका पोराला १९५९ मध्ये पडद्यावर आणलं आणि त्याच नटाला, जाँ-पिएर लेओला, तेच पात्र देत १९७९ पर्यंत नेलं. अंत्वान द्वानेल वीस वर्षं आपल्यासमोर नोकऱ्या बदलतो, लग्न करतो, मोडतो. सत्यजित राय यांनी अपूसाठी नट बदलले, पण मधली वर्षं वगळली नाहीत. १९५६ चा ‘अपराजितो’ सगळा त्याच वर्षांचा आहे. मुलगा शिकायला शहरात जातो, आई गावात एकटी झुरते, आणि शिक्षणाची किंमत कोणी भरली ते न बोलता कळतं. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. घरच्या प्रेक्षकाने मात्र त्याला पाठ दाखवली. आईपासून तुटत जाणारा मुलगा कुणाला बघायचा नव्हता. मधली वर्षं दाखवली तर काय होतं, हे आपल्या निर्मात्यांनाही ठाऊक असणार.

मराठी साहित्याला हे वय अगदीच परकं होतं असं नाही. १९६५ मध्ये भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ आला. मुंबईच्या नाक्यावरची रिकामटेकडी, बेरकी, वासनेने आणि कंटाळ्याने पछाडलेली पोरं त्यांच्याच भाषेत बोलू लागली आणि सभ्य घरांत हलकल्लोळ झाला. आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकावर टीकेची झोड उठवली. आज कल्याणचं नाट्यगृह अत्र्यांच्या नावाने आहे. त्या रंगमंदिराबाहेर संध्याकाळी गाडीवर बसलेली पोरं ज्या भाषेत एकमेकांची विचारपूस करतात, ती ऐकली की भाऊ पाध्यांनी वाद जिंकला असं वाटतं. पण ‘वासूनाका’सुद्धा नाक्यावरच थांबतो. पोक्या आणि मंडळी पुढे नोकरीला लागली का, कुठल्या गाडीने जात होती, हे आपल्याला कळत नाही.

‘टाइमपास’ लागल्यावर बरोबर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ ला, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आला. दोन्हीकडे शाळकरी वयातलं एकतर्फी सुरू झालेलं प्रेम, दोन्हीकडे मुलगी वरच्या पायरीवरची. एका नायकाचं नावच दगडू आणि दुसऱ्या नायकाच्या हातात शेवटी दगड. जब्याने भिरकावलेला तो दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. लोकांनी ‘फँड्री’चा पुढचा भाग मागितला नाही. मागितला असता तर त्या दगडाचं उत्तर द्यावं लागलं असतं. ‘सैराट’ने २०१६ मध्ये वेगळीच युक्ती केली. त्याने स्वतःचा दुसरा भाग स्वतःच्याच पोटात ठेवला. मध्यंतरापर्यंत गाणी आणि विहिरी. मध्यंतरानंतर हैदराबादची झोपडपट्टी, पहिला पगार, पहिलं भांडण, हप्त्यावर घेतलेलं घर. प्रेमाने पळून गेल्यावर सकाळी उठून पाणी भरावं लागतं, हे मराठी पडद्यावर इतक्या सविस्तर क्वचितच दिसलं होतं. शेवटाची चर्चा फार झाली. माझ्या मते त्या सिनेमातली धाडसाची जागा ती मधली अर्धा-पाऊण तासाची नीरस, घामट गृहस्थी.

आता दगडूच्या मधल्या वर्षांकडे येऊ. सिनेमाने दाखवली नाहीत तरी ती इथे, ठाण्यापासून कल्याणपर्यंत, रोज चालू आहेत.

पेपरवाल्यांच्या बोलीत ‘लाइन’ म्हणजे एका पोराने रोज टाकायच्या घरांचा पट्टा. पहाटे गठ्ठे स्टेशनाबाहेर उतरतात, फुटपाथवर पुरवण्या भरल्या जातात, मग सायकलच्या कॅरियरवर लाइन निघते. कुठल्या घरी एक मराठी एक इंग्रजी, कुठल्या घरी रविवारीच, कुठल्या दारात कुत्रा, हे सगळं तोंडपाठ लागतं. पेपर दुमडून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेमका फेकणं ही एक कला होती. महिनाअखेरीला बिलाची वसुली. तिथे माणूस कळतो. सुट्टे नाहीत, उद्या ये, दोन दिवस पेपर आला नव्हता. आणि दिवाळीला पोस्त.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्यात घरपोच पेपर बंद झाला. पुढे सुरू झाला तेव्हा बऱ्याच घरांची सवय मोडली होती. लाइनी लहान झाल्या, दोन लाइनींची एक झाली. पहाटेच्या सायकलीवरची पोरं त्याच रस्त्यांवर पाठीला चौकोनी पिशवी लावून दुचाकीवर दिसू लागली. पेपर टाकणाऱ्याला घर माहीत असायचं, घरालाही तो माहीत असायचा. पिशवीवाल्याला नकाशा घर दाखवतो आणि दार अर्धंच उघडतं. दगडूला आज प्राजक्ता भेटलीच, तर ती ऑर्डर पाचव्या मजल्यावर घ्यायला येईल आणि लिफ्ट सेवेकऱ्यांसाठी वेगळी असेल. ठाण्यात घोडबंदर रोडच्या उंच संकुलांत ही लिफ्ट मी स्वतः वापरून पाहिली आहे, चुकून. रखवालदाराने फार सभ्यपणे दुसरी दाखवली.

दहावीचंही तसंच. दगडूच्या पिढीत ‘ऑक्टोबर’ हा महिना नव्हता, शिक्षा होती. मार्चला गेला, आता ऑक्टोबरला बसणार, असं चाळीत कुजबुजलं जायचं. तोवर अकरावीचे प्रवेश होऊन मित्र पुढे गेलेले असायचे. ऑक्टोबरलाही राहिला तर सतरा नंबर फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून, खासगी विद्यार्थी म्हणून. पोरगा शिकतोय की कामाला जातोय हे कुणालाच नीट माहीत नसायचं, त्यालाही नाही. २०१५ पासून राज्याने जुलैमध्ये लगेच फेरपरीक्षा सुरू केली. वर्ष वाचू लागलं. ‘टाइमपास २’ आणि ही सोय एकाच वर्षी आल्या, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. सिनेमाने दगडूची मधली वर्षं कात्रीने कापली त्याच उन्हाळ्यात शिक्षण खात्याने खऱ्या दगडूंचं वर्ष वाचवलं. अंबरनाथच्या आयटीआयपर्यंत पोचायला तेवढं पुरतं. फिटर, वेल्डर, वायरमन. मराठी नायकाने यातला एखादा ट्रेड शिकल्याचं मला तरी आठवत नाही.

शिकला तरी गाडीत चढायचं आहेच. मुंबईपासून ठाणे चौतीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस, कल्याण चोपन्न. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. तेव्हापासून या पट्ट्याचं मोठं होणं रुळांवर मोजलं जातं. शाळेत असताना गाडी म्हणजे मामाकडे जाणं. कॉलेजात गाडी म्हणजे दारात उभं राहून वारा खाणं. नोकरी लागली की तेच दार नाइलाज होतं. आत जागा नसते म्हणून दार, दारातल्या ग्रुपमध्ये नाव लागायला सहा महिने, चौथी सीट मिळायला आणखी. ज्यांना बसूनच जायचं असतं ते दोन-तीन स्टेशनं उलटी जाऊन ‘रिटर्न’ येतात. ठाण्यात राहणारा माणूस बसायला मिळावं म्हणून आधी डोंबिवली गाठतो आणि मग मुंबईकडे निघतो. पुढे जायचं तर आधी मागे जा, हे इथल्या पोराला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळतं.

दारातल्या वाऱ्याची किंमत काय असते तेही या पट्ट्याला माहीत आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि पायरीवर लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. पुढच्या काही दिवसांत बंद होणाऱ्या दारांच्या घोषणा झाल्या. दाराची सवय असलेल्यांना वाटलं, दार बंद झालं तर श्वास कुठून घ्यायचा. याआधी, २ जानेवारी २०१५ ला, दिव्यात रोज लेट होणाऱ्या गाड्यांवरून लोक रुळांवर उतरले होते, दगडफेक आणि जाळपोळ झाली होती. त्या दिवशीचे चेहरे छायाचित्रांत पाहिले तर बहुतेक विशी-पंचविशीचे. मधल्या वर्षांतले. ‘टाइमपास’ला शिट्ट्या मारून जेमतेम वर्ष झालं होतं.

हा राग मराठी सिनेमाला माहीत नव्हता असं नाही. तो आधीच दाखवला गेला होता, फक्त दुसऱ्या माणसाच्या नावाने. निशिकांत कामतचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ चा. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे बँकेत नोकरी करतो, रोजच्या फास्टने जातो, रोज तेच बघतो. एक दिवस थंड पेयाच्या बाटलीवर दुकानदार छापील किमतीहून जास्त मागतो आणि आपट्याच्या आतली एक शीर तुटते. मग क्रिकेटची बॅट. हॉलिवूडच्या ‘फॉलिंग डाऊन’शी त्याची तुलना झाली, होणारच होती. पण ती बॅट गल्लीतली होती, कंटाळा आपल्या डब्यातला होता. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि दोन वर्षांनी कामतनेच तो आर. माधवनला घेऊन तमिळमध्ये केला. कामत २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला, अवघ्या पन्नाशीत.

मी हे सिनेमे या दिवाळीआधी उलट्या क्रमाने पाहिले. आधी दगडू, मग आपटे. तसे पाहिले की वाटतं, वयात येण्याच्या गोष्टीचा खरा दुसरा भाग ‘डोंबिवली फास्ट’ आहे, तो फक्त नऊ वर्षं आधी निघाला. शाळेत शिकवलेलं सगळं खरं मानून माणूस मोठा झाला, घर घेतलं, दोन मुलं झाली, आणि चाळिशीत त्याला बिल आलं. पण इथे एक गोम आहे. आपटे हा दगडूचा पुढचा भाग नाही. तो माधवराव लेल्यांच्या गल्लीतला आहे. दोघांची नावंसुद्धा माधव. पांढरपेशा माणूस कायदा हातात घेतो तेव्हा सिनेमा त्याला शोकांतिकेचा मान देतो, शेवट लोकलच्या डब्यात होतो आणि आपण खिन्न होऊन बाहेर पडतो. चाळीतला पोरगा काहीही करो, त्याला तीन भागांत तीनदा माफी मिळते, गाणं मिळतं आणि शेवटी मुलगीही मिळते. वरवर दगडूचं नशीब चांगलं. मला मात्र त्यात थोडा अपमान दिसतो. ज्याच्या चुकांचं काहीच बिल येत नाही त्याला आपण अजून मोठा माणूस मानत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत संदीप कुलकर्णी ‘डोंबिवली रिटर्न’ घेऊन आला, दिग्दर्शक महेंद्र तेरेदेसाई. नाव ऐकून सगळ्यांना पुढचा भाग वाटला. माणूस वेगळा, गोष्ट वेगळी, शहर आणि गाडी तीच. थिएटरात तो फार टिकला नाही. पण ते नाव मला अजून आवडतं. रिटर्न म्हणजे तिकीट, रिटर्न म्हणजे सीटसाठी उलटं जाणं, आणि रिटर्न म्हणजे रात्री दहाला दमून घरी येणं. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदारने याच शहरात झोंबी सोडले, ‘झोंबिवली’. संध्याकाळी सातच्या सुमारास पुलावरून उतरणारी गर्दी पाहिलेल्या कुणालाही मेकअपचा खर्च वाया गेल्यासारखा वाटला असेल. हा विनोद डोंबिवलीत त्या काळात प्रत्येकाने केला, मीही करतो आहे.

राहिली प्राजक्ता. तीन भागांच्या या गोष्टीत परिणाम भोगले असतील तर तिने. मुलाने सूड म्हणून सुरू केलेल्या खेळात दार तिच्यावर बंद झालं. दुसऱ्या भागात ती पुन्हा दिसते ती कुणीतरी शोधून काढायची व्यक्ती म्हणून. दगडूचा प्रवास शोधण्याचा, तिचा सापडण्याचा. तिसऱ्या भागात तर तिच्या जागी दुसरीच मुलगी. पालवी जोरदार आहे, टाळ्या घेते, पण प्राजक्ताचं त्या वर्षांत काय चाललं होतं, गाणं सुटलं की राहिलं, ती लेडीज डब्यात कुणाशी बोलायची, हे मला जास्त हवं होतं. सकाळी आठच्या सुमाराचा तो डबा उभ्या-उभ्या भाजी निवडणाऱ्या, आरसा बटव्यात ठेवून लिपस्टिक लावणाऱ्या, सीटवरून कडकडून भांडून ठाण्याला एकमेकींच्या डब्यातला शिरा खाणाऱ्या बायकांचा असतो. त्यात कितीतरी प्राजक्ता आहेत. कुणीतरी मुलीच्या बाजूने एक चौथा भाग काढावा. नाव ‘टाइमपास’ ठेवू नये एवढंच.

यंदाही नरक चतुर्दशीला फडके रोडवर एक चक्कर मारून साडेआठला घरी आलो. दारात आमचा पेपरवाला उभा होता, पोस्त घ्यायला. पंचवीस वर्षांपूर्वी तो आमची लाइन टाकणारा पोरगा होता. पेपर गॅलरीत फेकायचा आणि आमच्या कुंड्या फोडायचा. त्यावरून वडिलांनी त्याला एकदा चांगलंच झापलं होतं. आता चाळिशी गाठली आहे, लाइन स्वतःची आहे, आणि ती टाकून झाली की तो ठाण्याच्या एका दुकानात कामाला जातो. पाकीट घेतलं, न मोजता खिशात ठेवलं. मुलगा यंदा दहावीला आहे, म्हणून लाइनवर आणत नाही, एवढं त्याने आपणहून सांगितलं. मी चिवडा बांधून दिला. घड्याळ बघत त्याने पिशवीतला पेपर काढला, घडी सरळ केली आणि शेजारच्या बंद दाराच्या कडीत अडकवला.